दाजी कुठे बसणार?

मी आज जो काही आहे तो दाजींमुळे आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. हे वाक्य मी नोकरीच्या पहिल्या मुलाखतीतही म्हटलं होतं. तेव्हा समोरचे साहेब म्हणाले होते, "ते ठीक आहे, पण तुम्हाला मायक्रोमीटर वाचता येतो का?" येत होता. तोही दाजींनीच शिकवला होता.

धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी बारावी करून इंजिनीअरिंग शिकायला मी पुण्याजवळच्या कुरुळीला आलो, तेव्हा आक्का आणि दाजी एका खोलीत राहत होते. लहानगी भाची होती, आता ती सासरी आहे. खोलीत एक लोखंडी खाट होती, मोरी होती आणि भिंतीवर कारखान्याने दिलेलं एक कॅलेंडर होतं. कॅलेंडरवर हंपीच्या दगडी रथाचं चित्र होतं. वर्ष संपलं तरी दाजींनी ते उतरवलं नाही. चित्रातल्या चाकाकडे बोट दाखवून म्हणायचे, "हे दगडाचं आहे. दगड तापवता येत नाही, वाकवता येत नाही. केलं कसं असेल?"

हा प्रश्न त्यांना पडणं साहजिक होतं. दाजी फोर्जिंगच्या कारखान्यात हॅमरवर कामाला होते. लालभडक लोखंड चिमट्यात धरायचं, वरून हॅमर आदळला की फिरवायचं, पुन्हा हॅमर. असं तीस वर्षं केलं. त्यात त्यांचे कान गेले. एका शिबिरात मिळालेलं कानाचं यंत्र त्यांनी सोनपापडीच्या डब्यात ठेवून दिलं आहे. म्हणतात, "त्यातून सगळंच ऐकू येतं. हवं तेवढं ऐकू येत नाही." ते समोरच्याचे ओठ वाचतात. त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं तर तोंड त्यांच्याकडे करून बोलावं लागतं. आणि एखादी गोष्ट ऐकायचीच नसेल, तर ते नजर दुसरीकडे वळवतात. तिथे विषय संपतो. आक्का म्हणते, "ह्यांचं बटन डोळ्यांत हाय."

मी कुरुळीला आल्यावर पंधरा दिवसांत दाजींनी कायमची तिसरी पाळी मागून घेतली. कारखान्यात तिसरी पाळी मागणारा माणूस विरळा. सोबतीच्या लोकांनी म्हणे त्यांना चहा पाजला. आम्हाला त्यांनी सांगितलं, "रात्री हॅमरपाशी जरा गार असतं." चार वर्षं ते रात्री कामावर गेले आणि मी खाटेवर बसून अभ्यास केला, झोपलो. सकाळी ते यायचे, मी उठून कॉलेजला जायचो, आणि त्याच खाटेवर ते आडवे व्हायचे. रात्री गार असतं हे मला खरं वाटायचं. पुढे मला नोकरी लागली, मी स्वतः तिसरी पाळी केली, तेव्हा कळलं की ती कुणालाच आवडत नाही.

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. चाकणजवळ गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत मी गुणवत्ता विभागात आहे. शिलाई सरळ आहे का, फोम किती दबतो, सीट मागेपुढे अडखळत नाही ना, हे बघणं माझं काम. घर रावेतला. घरात आई, बायको, मुलगी आणि मुलगा. खाली पार्किंगमध्ये पाच जणांची छोटी गाडी. आक्का-दाजी कुरुळीलाच आहेत, पण आता दोन खोल्यांत.

या पाच जणांच्या गाडीने आम्ही एकदा दापोलीला निघालो. आम्ही पाच आणि आक्का-दाजी, म्हणजे सात. मुलं लहान आहेत, मांडीवर बसतील, असा माझा हिशेब होता. कुरुळीला गाडी थांबवली. आक्का बसली. दाजींनी आत डोकावून बघितलं, हातातली पिशवी आक्काच्या मांडीवर दिली आणि म्हणाले, "मी राहतो. आज टाकी धुवायला माणूस येणार आहे."

मी म्हटलं, "दाजी, टाकी पुढच्या आठवड्यात धुवा."

तोवर ते रस्त्याकडे बघायला लागले होते.

आम्ही गेलो. चार दिवसांनी परत आलो तेव्हा आक्काने जिना चढून टाकीचं झाकण उघडलं. खाली येऊन एवढंच म्हणाली, "शेवाळ तसंच हाय." नंतर कोल्हापूरच्या वेळी पुन्हा टाकी. महाबळेश्वरच्या वेळी पुन्हा टाकी. एवढ्या वेळा धुतलेली टाकी अख्ख्या कुरुळीत नसेल.

तेव्हा मी ठरवलं की सात जणांची गाडी घ्यायची आणि पहिली फेरी हंपीची करायची. दाजी रस्त्यावर उभे आणि आम्ही काचेतून हात हलवतोय, हे मला पुन्हा करायचं नव्हतं.

आमच्या भागात गाडी घेणं अवघड आहे. कारण इथे प्रत्येकाला गाडीचा एकेक भाग आतून माहीत असतो. मी कंपनीच्या बसमध्ये विषय काढला. तळवड्याच्या चौकात बस अडकली होती, म्हणजे वेळच वेळ होता. पुढच्या बाकावर एक जण पूर्वी वायरिंगच्या कारखान्यात होता. मी पहिल्या गाडीचं वर्णन केलं. तो म्हणाला, "भावा, ती नको घेऊ. तिची वायरिंग मी बनवलीये."

"मग चांगली असेल ना?"

"मी बनवलीये म्हणूनच सांगतोय."

दुसऱ्या गाडीबद्दल पेंटशॉपमधला एक जण नुसता हसला आणि खिडकीबाहेर बघत बसला. तिसऱ्या गाडीचं नाव काढताच पूर्वी गिअर बनवणारा एक जण म्हणाला, "राव, घाटात तिसरा गिअर टाकताना मला आठव." चौथ्या गाडीची सीट आमच्याच कंपनीत बनत होती. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "ती नको." अशा रीतीने तळवडे ओलांडेपर्यंत यादी संपली. विश्वास ठेवावा असं एकच वाहन राहिलं, आम्ही बसलो होतो ती बस. तिच्या ब्रेकबद्दल मात्र कुणी बोलायचं नाही असं आमचं आधीच ठरलेलं होतं.

यादी मी पुन्हा केली, यावेळी कुणाला न विचारता. दोन गाड्या राहिल्या. एक लांबट, देखणी, मागे छप्पर उतरतं होत गेलेली. दुसरी उंच आणि चौकोनी, जिला माझी मुलगी बघताक्षणी पावाचा डबा म्हणाली. घरात सगळ्यांचं मत लांबटीला होतं. शोरूममधला मुलगा म्हणाला, "सर, तिसऱ्या रांगेत मोठा माणूस आरामात बसतो."

"किती तास?"

"म्हणजे, सर?"

"आरामात बसतो ते किती तास?"

त्याने कॉफी मागवली.

मी म्हटलं, आपण आपल्या पद्धतीने जाऊ. कंपनीत नवीन मशीन येणार असलं की आम्ही आधी जमिनीवर पिवळी टेप मारून तिचा आराखडा आखतो. तिथे खोकी ठेवतो, माणसं उभी करतो आणि कुणाचा कुणाला धक्का लागतो ते बघतो. मग मशीन मागवतो. रविवारी सकाळी मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पिवळ्या टेपने ती लांबट गाडी आखली. टेप कंपनीची नव्हती, दुकानातून आणली होती. पत्रकातली मापं घेऊन सेंटीमीटरपर्यंत बरोबर आखली. सोसायटीच्या हॉलमधून प्लास्टिकच्या सात खुर्च्या आणल्या आणि रांगेत मांडल्या. आक्का-दाजींना बोलावलंच होतं.

मावळातला आमचा वॉचमन येऊन उभा राहिला. "सायेब, पंगत हाय का?"

"नाही. गाडी आहे."

त्याने एकदा टेपकडे आणि एकदा माझ्या आईकडे बघितलं. आई पदर सावरून मधल्या रांगेत बसली होती. "व्हय व्हय," म्हणाला आणि गेटकडे गेला.

मी सगळ्यांना सांगितलं की एक तास बसायचं, मगच कळेल. बायको म्हणाली, "मध्ये चहाला थांबणार का, की चहाही टेपने आखलाय?" दाजी कुणी न सांगता थेट शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसले. शेजारी माझा मुलगा. मी पुढे बसून उगाच हातात स्टिअरिंग धरल्यासारखं केलं. पाच मिनिटांत बायको वर जाऊन चहा घेऊन आली. कप मागे देण्यासाठी आईने खुर्ची वळवली. आक्कानेही वळवली. मग मुलीने वळवली, मीही वळवली. दाजींना चेव आला. ते हंपीच्या चाकाविषयी बोलायला लागले. दगड फोडताना आधी छिद्रं पाडतात, त्यात लाकडी खुंट्या ठोकतात, खुंट्यांना पाणी पाजतात, मग दगड चिरतो, असं त्यांनी हाताने करून दाखवलं. आई म्हणाली, "जावईबापू, तुम्ही तर रथ बनवूनच थांबाल." दाजी इतके हसले की चहा सांडला. एक तासाचे दोन तास झाले.

मी माझ्या कागदावर लिहिलं: तिसरी रांग, दाजी, समाधानी. आणि बरोबरची खूण केली.

दुसऱ्या रविवारी त्या गाडीची चाचणी फेरी घेतली. बायको रंग बघायला शोरूममध्ये थांबली. मी चालवत होतो, माझ्या शेजारी शोरूमचा मुलगा, मधे आई, आक्का आणि मुलगी, शेवटच्या रांगेत माझा मुलगा आणि दाजी. गाडी लोण्यासारखी चालली होती. रावेतपासून द्रुतगती मार्गाच्या तोंडापर्यंत जाऊन परत यायचं होतं. वाटेत आईने शोरूमच्या मुलाला त्याचं गाव विचारलं, मग जमीन किती ते विचारलं, मग लग्न झालंय का ते विचारलं. आक्का म्हणाली, "आई, गाडी बघायला आलोत, पोरगा न्हाई." गाडीत हशा पिकला. मी आरशात मागे बघितलं. दाजीही हसले, पण जरा उशिरा. आक्काचे खांदे हलताना बघून हसले. मग खिडकीबाहेर बघायला लागले.

शोरूमला उतरल्यावर त्यांनी दारावर हात फिरवला. "झकास आहे. घेऊन टाका, इंजिनेरसाहेब." पदवी मिळाल्यापासून ते मला याच नावाने हाक मारतात. "फक्त हंपीला तुम्ही या जाऊन. त्या आठवड्यात टाकीवाला यायचा आहे."

तारीख मी अजून ठरवलीच नव्हती.

मला काही कळेना. गुडघे दुखले म्हणावं तर ते लहान पोरासारखे टुणकन उतरले होते. आक्काला विचारलं. ती म्हणाली, "मला काय सांगतेत? तूच बघ की, तपासणारा तू."

तपासणारा मी होतो हे खरं. म्हणून मंगळवारी मी पुन्हा शोरूमला गेलो. बरोबर बायको, आई आणि दोन्ही मुलं. शोरूमच्या मुलाला म्हटलं, "आज तू चालव." मी शेवटच्या रांगेत दाजींच्या जागी बसलो आणि खिशातून कंपनीत मशीनजवळ जाताना घालतो ते नारिंगी इअरप्लग काढून कानात घातले. त्याने आरशातून बघितलं. त्याचं तोंड हललं. बायकोने नंतर सांगितलं की तो विचारत होता, "मॅडम, गाडी नक्की सरच घेणार आहेत ना?"

गाडी निघाली. माझ्यासमोर पाच डोकी होती, पाठमोरी. बायकोने मान थोडी वळवून काहीतरी सांगितलं, तेव्हा मला तिच्या गालाचा एक तुकडा दिसला. आईचा अंबाडा हलला. मुलगी हात हलवून काही सांगत होती, मुलगा तिला चिडवत असावा. मी दहा मिनिटं बसलो. हंपीचा रस्ता नऊ-दहा तासांचा आहे.

पार्किंगमध्ये सगळ्यांनी खुर्च्या वळवल्या होत्या. माझ्या पिवळ्या टेपमध्ये लांबी-रुंदी होती, पण गाडीतली सीट वळत नाही ही गोष्ट मीच विसरलो होतो. बारा वर्षं सीट तपासणारा माणूस. सीटवर बसलेल्याला समोर काय दिसतं, हा रकाना आमच्या तपासणीच्या कागदावर नाही, म्हणून माझ्या डोक्यातही नव्हता.

घरी मी सगळ्यांना बसवून हे सांगितलं. मग आई म्हणाली, "वडापची जीप घे. समोरासमोर बाकं असतात." गावाकडे सवाऱ्या भरत फिरणाऱ्या त्या जीपमध्ये खरोखरच सगळे एकमेकांची तोंडं बघत बसतात, गुडघ्याला गुडघा लावून. पण आडव्या बाकावर पट्टा नसतो, आणि गाडी थांबताना आडवं बसलेल्या माणसाचं काय होतं ते मला माझ्या कामामुळे चांगलं ठाऊक आहे. दाजींचा चेहरा उजळावा म्हणून मुलांना तसं बसवणं मला जमलं नसतं, आणि दाजींनी मला ते करूही दिलं नसतं.

उपाय सापडला तो चाकणच्या रस्त्यावर. आमची बस एका ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीमागे अडकली होती. शिकणाऱ्याचा एक आरसा आणि त्याच्या शेजारी शिकवणाऱ्या गुरुजींचा दुसरा आरसा. गुरुजी मान न वळवता मागचं सगळं जग बघत होते. मी वायरिंगवाल्याला म्हटलं, "मिळालं." तो म्हणाला, "कोणती? तिची वायरिंग विचार आधी."

चिंचवडच्या एका दुकानातून मी रुंद, जरा फुगीर आरसा घेतला आणि पिशवीत घालून घरच्यांना घेऊन शोरूमला गेलो. पुढच्या डाव्या सीटसमोर तो लावून बघितला. लांबट गाडीत मधली रांग दिसली, पण उतरत्या छपराने तिसरी रांग खाऊन टाकली. तिथे बसलेल्या माझ्या मुलाची फक्त हनुवटी दिसत होती. मग मी पावाच्या डब्याकडे गेलो. तिचं छप्पर शेवटपर्यंत सपाट, आणि मागच्या रांगा जरा चढत्या, सभागृहात असतात तशा. मुलं मागे बसली, आई आणि बायको मधे. मी पुढे डाव्या बाजूला बसून आरसा थोडा तिरका केला. सगळ्यांचे चेहरे दिसले. मुलाने जीभ काढून दाखवली. तीही दिसली.

आता एकच अडचण होती. लग्नापासून पुढची डावी सीट बायकोची आहे. त्याबद्दल आमच्या घरात चर्चा होत नाही. मी चाचरत विषय काढला. ती म्हणाली, "तू विचारशील म्हणून आठवडाभर वाट बघतेय. दाजींसाठी दिली. तुझ्या भावाला दिली नसती."

"मला भाऊच नाही."

"म्हणूनच वाचलास. पण गाणी मीच लावणार. दाजींना तसाही त्रास नाही."

गाडी ठरली. पण दाजींना सांगायचं कसं? समोर जाऊन विचारलं तर त्यांनी नजर वळवली असती आणि टाकी पुढे आली असती. फोनचा उपयोग नाही. मेसेज ते वाचत नाहीत, कारण त्यांच्या मते त्यात सगळ्यांचं अक्षर सारखंच दिसतं, कोण बोलतंय ते कळत नाही. म्हणून मी कागदावर पत्र लिहिलं आणि रावेतहून कुरुळीला पोस्टाने पाठवलं. घरात सगळ्यांनी माझी टिंगल केली, कारण मी चालत गेलो असतो तरी पत्राच्या आधी पोचलो असतो.

दाजींचं उत्तर आलं नाही. पाचव्या दिवशी आक्काचा फोन आला. "भाऊ, काय लिव्हलंस रे तू? हे सकाळपासून वर चढून बसलेत. टाकी धुवायलेत."

मी लिहिलं होतं ते असं:

दाजी, नमस्कार.

गाडी ठरली. लांबटी नाही, उंच घेतली. माझी मुलगी तिला पावाचा डबा म्हणते, तुम्ही काय म्हणाल ते बघून सांगा.

तुमची सीट पुढची आहे, माझ्या शेजारची. तुमच्यासमोर एक वेगळा आरसा लावला आहे. त्यात मागच्या दोन्ही रांगांतली सगळी तोंडं दिसतात. मी स्वतः बसून तपासलं आहे, आणि यावेळी कानात इअरप्लग घालून तपासलं आहे. त्या दिवशी शेवटच्या सीटवरून तुम्हाला काय दिसत होतं ते मला उशिरा कळलं. माझी चूक होती. पिवळी टेप कमी पडली.

गाडी चालवताना मी तुमच्याकडे तोंड करून बोलू शकणार नाही. म्हणून हॅमरवर तुम्ही जोडीच्या चिमटेवाल्याला करायचात त्या खुणा मला शिकवा. थांब, थोडं पुढे, फिरव, झालं, एवढ्या चार आल्या तरी हंपीपर्यंत पुरतील. आई काही विनोद करेल तेव्हा आरशात बघा. त्या वेळी तुम्ही सगळ्यांच्या बरोबरीने हसलात की मी गाडी पास झाली असं लिहीन.

एक गोष्ट तुम्हाला समोर कधी सांगता आली नाही, कारण तुम्ही रस्त्याकडे बघितलं असतं. मीही तिसरी पाळी केली आहे, दाजी. रात्री हॅमरपाशी गार नसतं. चार वर्षं खोलीत मला झोपायला मिळावं म्हणून तुम्ही बाहेर राहिलात. आता गाडीत सात सीट आहेत आणि आपण मोजून सात आहोत. कुणीही खाली उतरलं तरी त्याने कुणालाही जास्त जागा मिळणार नाही.

दिवाळीनंतरच्या शनिवारी सकाळी सहाला कुरुळीला येतो. हंपीच्या त्या चाकाकडे बघून ते कसं केलं असेल ते मला तिथे उभं राहून समजावून सांगा.

टाकीवाल्याला त्याच्या आधी बोलावून घ्या. तो आला नाही, तर शुक्रवारी मी येऊन टाकी धुतो.

तुमचा,
इंजिनेर